पुरुष ८, स्त्री २ : गोव्यातील उत्सवी नाट्यमंडळांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील गावोगावच्या उत्सवी नाट्यमंडळांचे पदाधिकारी, दिग्दर्शक आणि त्यांच्यासाठी संहिता लिहिणारे नाटककार यांस,

सप्रेम नमस्कार.

चवथ झाली की तुमच्या बैठका सुरू होतील. काल्याला कुठले नाटक, जत्रेला कुठले, कोणता पार्ट कोणाला, पडदे कोणाचे, पेटीवर कोण, आणि सगळ्यात शेवटी ‘बाई कोण आणायची?’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गेली बावीस वर्षे पुष्कळदा मी असते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत मी पार्ट केले आहेत. पालखी देवळात परतल्यावर उघडलेला पडदा पहाटे पडेपर्यंत उभी राहिले आहे, आणि कानामागचा रंग तसाच ठेवून पहिल्या बसने घरी येऊन मुलींचे डबे भरले आहेत. या रंगमंचाने मला ओळख दिली, घर चालवायला हात दिला. म्हणूनच मनात साचलेले बाहेर कोणाकडे न बोलता तुमच्यासमोर मांडते आहे.

नाटकाचे पुस्तक उघडले की पहिल्याच पानावर छापलेले असते : पुरुष ८, स्त्री २. मंडळाचे सेक्रेटरी पुस्तक हातात घेतात ते आधी हा आकडा बघतात, कथा नंतर. बाई जितकी कमी तितके नाटक बसवायला सोपे. ‘स्त्रीपात्रविरहित’ असे मोठ्या अक्षरांत छापलेली पुस्तकेही मी पाहिली आहेत, जशी ती त्या पुस्तकाची खासियतच असावी. पण माझे गाऱ्हाणे आकड्याचे नाही. दोन तर दोन. त्या दोघींना तुम्ही काय होऊ देता, याबद्दल हे पत्र आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. एका देवळाच्या अग्रशाळेतल्या खोलीत मी मेकअपला बसले होते. नाटकाचे कपडे पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्याने ट्रंक उघडली. आत जुन्या धोतरांत बांधलेली गाठोडी होती आणि प्रत्येक गाठोड्याला टाचणीने चिठ्ठी टाचलेली. मी इतकी वर्षे ती गाठोडी पाहते, पण त्या रात्री चिठ्ठ्या वाचल्या. एका बाजूला : इन्स्पेक्टर. वकील. डॉक्टर. भाटकार (म्हणजे जमीनदार). मास्तर. शेतकरी. दुसऱ्या बाजूला : आई. सून. विधवा. नायकीण. रोझी. व्हिलन बाई. ड्रेपरीवाल्याने नाटकाचे नावही विचारले नव्हते. ‘ताई, आज कोण तुम्ही?’ एवढेच विचारले. मी ‘सून’ म्हटले आणि त्याने न बघता हात घालून बरोबर ते गाठोडे काढून दिले. फिकट हिरवी सुती साडी, लाल काठ, पदर डोक्यावरून घेता येईल इतका लांब.

पुरुषांची गाठोडी ते काय करतात त्यावरून बांधलेली आणि आमची, आम्ही कोणाच्या कोण त्यावरून. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. आपण जे मागतो तेच तो बांधून आणतो.

नाट्यशास्त्रात ज्या अष्टनायिका सांगितल्या आहेत त्या मी नंतर मुद्दाम शोधून वाचल्या. नवरा परदेशी गेला की ती प्रोषितभर्तृका. तो मुठीत असला की स्वाधीनभर्तृका. दुसरीकडून आला की ती खंडिता, ठरल्या जागी आलाच नाही तर विप्रलब्धा. भांडून निघून गेला आणि मागाहून हिला वाईट वाटले की कलहांतरिता. ती नटूनथटून वाट बघते, ती झुरते, ती त्याला भेटायला निघते, त्या आणखी तीन. आठही जणींची नावे तो या घडीला कुठे आहे त्यावरून पडली आहेत. आणि नायकाचे चार प्रकार? धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. सगळे त्याच्या स्वभावावरून. प्रेमातल्या वागण्यावरूनही नायकाचे प्रकार आहेत, अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट, पण तिथेही वागणारा तोच. पुढच्या ग्रंथकारांनी तर सरळ स्वीया, परकीया आणि सामान्या असे तीन भाग पाडले, म्हणजे आपली, दुसऱ्याची आणि सगळ्यांची. शृंगाराचा विचार करणाऱ्या शास्त्राने प्रेमातल्या अवस्था मोजल्या हे मी समजू शकते. पण बाईच्या आयुष्यात त्या अवस्थांपलीकडे काही असते की नाही, हे बघायचे काम आपले होते. ते ड्रेपरीवाल्याच्या ट्रंकेपर्यंत कोणी केले नाही.

आता त्या फिकट हिरव्या साडीतली सून काय करते ते सांगते. पहिल्या अंकात चहाचा ट्रे घेऊन येते. कप रिकामे असतात, तरी जड असल्यासारखे धरायचे. दुसऱ्या अंकात सासू तिला बोलते आणि ती खाली बघते. तिसऱ्या अंकात नवरा कर्जापायी किंवा दारूपायी घर विकायला काढतो, ती त्याच्या पायाला मिठी मारते, ‘अहो, घर विकू नका हो’ म्हणून टाहो फोडते, तो तिला झिडकारतो, आणि मांडवातल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. हा प्रवेश मी किती नाटकांत केला, मला मोजता येणार नाही. साडी तीच, टाहो तोच, फक्त नवऱ्याचे नाव बदलते.

या प्रवेशाबद्दल मला तुम्हाला एक खरी हकिगत सांगायची आहे.

मी नववीत होते. वडील कर्जात बुडाले होते. दारूने नव्हे, भाऊबंदांच्या धंद्याला जामीन राहिले म्हणून. माणूस सरळ होता, नुसता घाबरलेला. घराला गिऱ्हाईक आले, कागद तयार झाले, आणि आम्ही तिघे लेखनिकाच्या टेबलासमोर जाऊन बसलो. आईने निळी साडी नेसली होती, छत्री मांडीवर आडवी धरली होती. वडिलांनी सही केली. मग लेखनिकाने कागद आईकडे फिरवला आणि बोटाने जागा दाखवली. आई चौथी शिकलेली, नाव लिहिता येत होते. तिने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘हांव सय करची ना.’ मी सही करणार नाही. तिचे हात थरथरत होते. आवाज मात्र वर गेला नाही, रडली तर मुळीच नाही. गिऱ्हाईकाने समजावले, लेखनिकाने समजावले. ती छत्री घट्ट धरून बसून राहिली. शेवटी लेखनिकाने कागद गोळा केले, कारण तिच्या सहीशिवाय तो व्यवहार पुढे सरकूच शकत नव्हता.

गोव्यात हे असेच आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून इथे लागू झाला आणि त्याची विवाहविषयक व्यवस्था अजून चालत आली आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांच्या सामाईक मालकीची ठरते, आणि घर-जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. तुमच्या प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येक घरात हे ठाऊक आहे. ज्या गावात विक्रीच्या कागदावर बाईची सही लागते, त्या गावच्या मांडवात तीच बाई नवऱ्याच्या पायाशी पडून घर वाचवण्याची भीक मागते, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही, कारण तो प्रवेश इथल्या घरांतून आलेलाच नाही. तो दुसऱ्या नाटकांतून आला, त्या नाटकांत आणखी जुन्या नाटकांतून.

त्या दिवशी परत येताना आईने बसस्टँडवर आम्हा दोघींना भाजीपाव घेतला. वडील पुढे चालत होते. महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. आईने पाटल्या मोडून कर्जाचा पहिला हप्ता भरला, पुढे घरच्या आंब्या-फणसांवर आणि शिवणाच्या मशीनवर बाकीचे फेडत नेले. ती देवी नव्हती. तिला राग यायचा, ती शेजारणीशी कुंपणावरून वर्षानुवर्षे भांडली, माझ्यापेक्षा माझ्या भावाला तिने नेहमी जास्त मासळी वाढली. हे सगळे एकाच बाईत होते. अशी बाई मला बावीस वर्षांत एकदाही करायला मिळाली नाही.

कोणी म्हणेल, सोशिक सुनेची परंपरा मोठी आहे. आहे. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगमंचावर आले, बालगंधर्वांनी सिंधू उभी केली आणि ती मराठी मनात कायमची बसली. त्या सिंधूपुढे मी मान खाली घालते. पण त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, तोंडावर बोलणारी, आपल्या दशेचा अर्थ लावू पाहणारी. नंतरच्या नाटककारांनी सिंधूच्या शेकडो धाकट्या बहिणी लिहिल्या. गीतेची बहीण कोणी लिहिली असेल तर ती माझ्यापर्यंत तरी आली नाही.

आणि हेही आठवा की तो काळ पुरुषांनी स्त्रीपार्ट करण्याचा होता. मंगेशीचे मा. दीनानाथही आरंभी स्त्रीभूमिकांसाठीच गाजले. बाईने कसे चालावे, पदर कसा सावरावा, रडताना मान कुठे वळवावी हे पुरुषाने लिहिले, पुरुषाने करून दाखवले, आणि मग घरातल्या बायकांनी ते पाहून उचलले. पुढे १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये आपल्या बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे नायिका म्हणून उभ्या राहिल्या. बाईचा पार्ट बाईने करायचा, ही वाट मोकळी करणाऱ्यांत एक गोव्याची मुलगी होती, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र अंग बाईचे आले तरी लिहिलेले वाक्य जुनेच राहिले. आम्ही अजून त्या स्त्रीपार्टी नटांनी आखलेल्या रेघेवरून चालतो.

‘नायकीण’ या गाठोड्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. त्यात जरीचा घागरा असतो, घुंगरू असतात, खोटा गजरा असतो. तिचा पार्ट छोटा. एक गाणे, दोन गिरक्या, सावकाराच्या किंवा नायकाच्या मुलाच्या गळ्यात हात, पैशांची थैली घेऊन हसत विंगेत. घर मोडायला ती येते आणि घर मोडले की नाटकाला तिची गरज उरत नाही. ती कुठून आली, तिला गाणे कोणी शिकवले, ती सकाळी किती वाजता उठून रियाज करते, म्हातारपणी तिचे काय होते, हे कोणी विचारत नाही.

आणि हे आपण कुठे करतो? गोव्यात. देवळांच्या सेवेशी जखडलेल्या घरांतल्या मुलींनी जिथे गाणे जिवंत ठेवले त्या भूमीत, कधीकधी तर त्याच देवळांच्या आवारात. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघी थोर गायिका, अल्लादियाखाँसाहेबांकडे गाणे शिकल्या. त्या शिकण्यासाठी त्यांना किती वर्षे, किती दारे, किती नकार सोसावे लागले त्याच्या हकिगती संगीताच्या जाणकारांना पाठ आहेत. मोगूबाई तर लहानपणी नाटक मंडळ्यांतून पार्ट करत होत्या, म्हणजे तुमच्या-माझ्या धंद्यातल्याच. त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. केसरबाईंनी गायिलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीवर कोरून अवकाशात गेली आहे. माणसाचा आवाज कसा असतो हे जगाबाहेर सांगायला ज्या थोड्या ध्वनिमुद्रिका निवडल्या त्यांत फोंड्याच्या एका बाईचा सूर आहे. आणि आमच्या मांडवात गाणाऱ्या बाईला अजून थैली घेऊन पळायला लावतात. मी तो पार्ट चार वेळा केला. पाचव्यांदा विचारणा आली तेव्हा नाही म्हटले, आणि त्या हंगामात त्या मंडळाने मला पुन्हा बोलावले नाही.

‘रोझी’चेही सांगते. फ्रॉक, उंच टाचा, हातात बाटली, मोडकी मराठी. ती आली की लोक हसतात. काही वर्षांपूर्वी मला हा पार्ट मिळाला, आणि ड्रेपरीचा फ्रॉक होईना म्हणून मी आमच्या शेजारणीकडे गेले. ती ख्रिश्चन, शिवणकाम करते, गावातल्या अर्ध्या मुलींचे कपडे तिच्या हातचे. माझ्या मुलीला ताप भरला होता तेव्हा रात्रभर उशाशी बसलेली बाई. तिने हौसेने फ्रॉक शिवला, निळ्या फुलांचा, कमरेला पट्टी लावून. पैसे घेतले नाहीत. नाटकाला येऊन तिसऱ्या रांगेत बसली. मी झोकांड्या खात आत आले, बाटली तोंडाला लावली, नायकाच्या गळ्यात पडले. मांडव हसला. मध्यंतरानंतर तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तिने काही म्हटले नाही. फक्त आठवड्याने आली आणि म्हणाली, ‘बाय, तो फ्रॉक दी गो परत.’ मी दिला. तिने तो उसवून त्याचे लहान मुलीचे कपडे केले, असे मला नंतर कळले. त्यावर आम्ही आजपर्यंत बोललेलो नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

मुंबईच्या सिनेमाने गोव्याची बाई म्हणजे फ्रॉक आणि ग्लास असे वर्षानुवर्षे दाखवले, म्हणून आपण चिडतो. चिडायलाच हवे. पण ते चित्र आपण आपल्या मांडवात तसेच्या तसे उतरवले आणि शेजारच्या वाड्यावरच्या बाईसमोर करून दाखवले. इथली ख्रिश्चन बाई बाजारात मासळी विकते, इस्पितळात रात्रपाळी करते, शाळेत गणित शिकवते, आखातात गेलेल्या नवऱ्यामागे घर सांभाळते. यातले एकही गाठोडे त्या ट्रंकेत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. खाष्ट सासूला सून होती तेव्हाचे दिवस कधी आठवतच नाहीत. विधवेला पांढऱ्या साडीशिवाय काही काम नसते. व्हिलन बाई केस कापते, इंग्रजी बोलते, आणि शेवटच्या प्रवेशात कुंकू लावून सुधारते. हल्ली एक नवे गाठोडे आले आहे, ‘इन्स्पेक्टर मॅडम’. खाकीत येते, दोन गुंडांना लोळवते, बायकांच्या शक्तीवर भाषण करते, टाळ्या घेते आणि जाते. मंडळांना वाटते की आपण पुढे गेलो. मी हा पार्टही केला. त्या मॅडमला घर नाही, भीती नाही, पाय दुखत नाहीत, तिच्या भाषणातला एकही शब्द तिच्या नोकरीतून आलेला नाही. सुनेला रडू ठरवून दिलेले होते, हिला धैर्य ठरवून दिले आहे. करणाऱ्या बाईला दोन्हींत शोधायला काही उरत नाही.

हे असे का होते, याचे एक कारण मला तुमच्याइतकेच ठाऊक आहे, आणि ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. गावातले पुरुष कलाकार हौसेने काम करतात, उलट वर्गणी देतात. बाई बाहेरून येते, तिला नाईटचे मानधन द्यावे लागते आणि तालमीचे वेगळे. म्हणून पुरुषांच्या तालमी दीड-दोन महिने चालतात आणि बाईला शेवटच्या दोन किंवा तीन तालमींना बोलावतात. तीन तालमींत कोणता पार्ट उभा राहील? जो आधीपासून उभा आहे तोच. लेखकालाही हे माहीत असते, म्हणून तो बाईसाठी तयार साचा लिहितो. साचा आहे म्हणून तीन तालमी पुरतात, आणि तीनच तालमी मिळतात म्हणून साचा सुटत नाही. कोणाच्या मनात वाईट नसताना एक चाक असे फिरत राहिले आहे.

माझी थोरली मुलगी कॉलेजात आहे. तिने मला अ‍ॅलिसन बेकडेल या अमेरिकन चित्रकथाकार बाईंची गोष्ट सांगितली. १९८५ साली त्यांच्या एका कॉमिक स्ट्रिपमध्ये एक पात्र म्हणते, मी सिनेमा बघते तो तीन अटींवर : त्यात निदान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुष सोडून कशावर तरी बोलाव्यात. मुलीने विचारले, ‘आई, तुझी किती नाटके यात बसतात?’ माझ्याकडे सगळ्या पार्टांची वही आहे. आम्ही दोघी रात्री ती घेऊन बसलो. दोन बायका एकत्र असलेले प्रवेश पुष्कळ निघाले. त्या बोलतातही. पण मुलावर, नवऱ्यावर, जावयावर, नाहीतर नवऱ्याला फितवणारीवर. पाने संपत आली तेव्हा एक प्रवेश सापडला, ज्यात मी आणि दुसरी नटी विहिरीचे पाणी आटल्याबद्दल बोलतो. आठ वाक्ये. मुलीने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

ही कसोटी सगळे सांगत नाही, हे मला समजते. टीव्हीवरच्या मालिकांत बायकाच बायका असतात, दागिन्यांवर आणि तिजोरीच्या किल्ल्यांवर तासन्‌तास बोलतात, तरी साचा जागचा हलत नाही. शिवाय एकच बाई असलेले उत्तम नाटक असू शकते. तरीही ती आठ वाक्ये पाहून मला जे वाटले ते तुमच्यापर्यंत पोचावे असे वाटते. ती म्हणताना मला प्रॉम्प्टरची गरज पडली नव्हती. पाणी आटले की काय होते ते माझ्या हातांना ठाऊक होते.

‘प्रेक्षकांना हेच लागते’ असे तुम्ही म्हणाल. माझ्या प्रत्येक दिग्दर्शकाने हे म्हटले आहे. मग पौषात गावच्या मांडावर, बायका धालोची नाचगाणी करतात त्या जागी चला, म्हणजे निदान मांडाच्या बाहेरपर्यंत, कारण शेवटच्या रात्री पुरुषांना तिथे मज्जाव असतो. समोरासमोर दोन रांगा करून धालो घालणाऱ्या त्याच बायका त्या रात्री सोंगे काढतात. नवऱ्याचे सोंग घेतात, भाटकाराचे घेतात, शिकाऱ्याचे घेतात. दिवसभर रोजावर राबलेली बाई धोतर नेसून अशी उभी राहते की तिच्या चालीवरून कोणाची नक्कल चालली आहे ते सगळ्यांना कळते. संहिता नसते, प्रॉम्प्टर नसतो, ड्रेपरी घरातली. आणि बघणाऱ्याही बायकाच, ज्या तुमच्या मांडवात खुर्च्या भरतात. त्यांना फक्त रडायलाच आवडते हे कोणी ठरवले? आमच्या गावात सत्तरीच्या एका आजीने सावकाराचे सोंग काढले होते, हिशेबाची वही म्हणून तिने सुपाचा उपयोग केला होता. तिची नजर सुपावरून वर उठली तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की मला अजून अभिनय शिकायचा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बाहेरून दोन बायका आणायच्या तर आणा, आमचे पोट त्यावर आहे. पण गावातल्या मुली, सुना, फुगडीच्या आणि भजनाच्या पथकांतल्या बायका, यांना तालमीत घ्या. रात्री साडेनऊची तालीम त्यांना जमत नाही. रविवारी दुपारी चारला ठेवा, बघा किती येतात. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी लावा. एका ठिकाणी मी चादर धरायला कोणी मिळेपर्यंत साडी बदलू शकले नव्हते आणि माझी एन्ट्री चुकली होती. अशी खोली असेल तर कुठले घर मुलीला पाठवेल? शाळेच्या एकांकिकेत बक्षीस मिळवलेल्या किती मुली लग्नानंतर पुन्हा रंगमंचावर चढल्या नाहीत, हे तुमच्या गावात तुम्हीच मोजा.

आणि लेखकांनो, पात्रपरिचय लिहिताना तिच्या नावापुढे ‘अमक्याची बायको’ लिहून थांबू नका. ती दिवसभर काय करते ते लिहा. काजूच्या दिवसांत बोंडू पिळणारी, बालवाडी चालवणारी, पंचायतीत कारकून असलेली, कुळागराला पाणी लावणारी. मग ती चहाचा ट्रे घेऊन आली तरी चालेल; कपात चहा असेल, आणि तो ठेवताना तिला दुसरीकडे कुठेतरी जायची घाई असेल. तिच्या वाट्याला चूकही येऊ द्या. आम्हाला चुकायला मिळत नाही. एकतर आम्ही पापी असतो नाहीतर निष्पाप. रंगमंचावर उभे राहून एखादा निर्णय घ्यावा, तो चुकावा आणि पुढच्या अंकात त्याचे ओझे घेऊन वावरावे, हे पुरुष पात्रांना पहिल्या पानापासून मिळते.

विषय कमी आहेत असे म्हणू नका. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५ साली कायदा झाला. आजही मामलेदाराच्या कचेरीत तारखेला आलेल्या बायका बाकावर बसलेल्या दिसतात, पिशवीत कागद, वर रुमाल बांधलेला. त्यांतली एखादी भाटकाराच्या घरात लहानपणी खेळलेली असते, भाटकारणीने तिला वाढवलेले असते, आणि आता त्या दोघी समोरासमोर येतात. दोन बायका, दोघींचे म्हणणे खरे, मध्ये एक घर. त्या दोघींमधला एक प्रवेश कोणी लिहिला तर मी पहिल्या दिवसापासून तालमीला येईन, पुरुषांबरोबर दीड महिना, आणि तालमीचे पैसे घेणार नाही. हे मी जाहीर लिहून देते आहे.

माझा नंबर बहुतेक मंडळांकडे आहे. संहिता तयार झाली की कळवा. त्या पार्टासाठी ड्रेपरीवाल्याला काही बांधून आणू नकोस म्हणून सांगेन. आई सहीच्या दिवशी नेसली होती ती निळी साडी अजून घरच्या पेटीत आहे, तीच आणेन.

आपली नम्र,
फोंडा तालुक्यातील एक स्त्री कलाकार